पाखाडीचा दांडा

"चाचा, जिम कुठे गेली?"

ग्रामसेवक सलिल कट्ट्यावर उभा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल आणि समोर काँक्रीटमधून वर आलेले नुसते बोल्ट. उद्या ज्येष्ठ नागरिक दिन. खालवाडीतल्या म्हाताऱ्यांचे व्यायाम करतानाचे फोटो आज दुपारपर्यंत वर पाठवायचे होते, म्हणून स्वारी सकाळी सकाळी मोटारसायकल काढून आली होती. रमजानने हातातला पाना पिशवीत टाकला.

"जिम होय? ती खाली गेली, भाऊसाहेब."

"खाली कुठे?"

"पाखाडीवर. तिचा दांडा केला मी. धरून चढायला."

सलिल आधी हसला. म्हातारा चेष्टा करतोय असं त्याला वाटलं. मग त्याने कट्ट्याच्या कडेला जाऊन खाली डोकावलं. पाखाडी, म्हणजे जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट, झाडीतून खाडीपर्यंत उतरत गेली होती, आणि तिच्या एका बाजूने, कमरेच्या उंचीवर, पिवळा, लाल, पुन्हा पिवळा पाईप तिच्यासोबत वळणं घेत निघाला होता.

"चाचा, सरकारी मालमत्ता आहे ही! गुन्हा दाखल होईल तुमच्यावर!"

"होऊ दे की. नऊ दिवस झाले काढून. भरदिवसा काढली, ग्राइंडर लावून, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज करून. नऊ दिवसांत एका माणसानं इचारलं नाय, जिम कुठं गेली म्हणून. तुम्हालाच आज आठवण आली, ती पण फोटोपुरती."

हा संताप आजचा नव्हता. खालवाडीतून रत्नागिरीच्या रस्त्याला लागायचं तर एकशे सदतीस पायऱ्या चढाव्या लागतात. दुसरी वाट नाही. पावसाळाभर चिऱ्यावर शेवाळ धरतं ते दिवाळीपर्यंत सुटत नाही. तरणीताठी माणसं मुंबईला, दोह्याला, नाहीतर रत्नागिरीत फ्लॅटवर. रमजानचा मुलगा फहाददेखील दोह्यातच. खाली उरले ते सगळे साठी-सत्तरीच्या पुढचे. आणि त्यांचं आयुष्य सुखाचं व्हावं म्हणून कुणा शहाण्याने काय द्यावं? तर व्यायामाची यंत्रं! तीही वरच्या कट्ट्यावर! अरे, जो एकशे सदतीस पायऱ्या चढून येईल त्याला आणखी व्यायाम कशाला हवा? आणि ज्याला चढताच येत नाही त्याने काय उडत यायचं?

न मागता दिलं असतं तर एक वेळ समजलं असतं. पण श्रीपती गुरुजींनी सात अर्ज केले होते. शाळेत फळ्यावर लिहायचे त्याच वळणदार अक्षरात: पाखाडीला एका बाजूने आधाराचा दांडा मिळावा. सातव्या अर्जाला उत्तर आलं. दांड्यासाठी योजनेत तरतूद नाही, तथापि ज्येष्ठांसाठी व्यायाम साहित्य मंजूर करण्यात येत आहे. गुरुजींनी ते पत्र रमजानला तीनदा वाचून दाखवलं होतं.

"रमजान, हा 'तथापि' बघितलास? जल्ला तो तथापि," गुरुजी म्हणाले होते.

उद्घाटनाला वर फीत कापली, भाषणं झाली. खालची म्हातारी माणसं आपापल्या ओटीवर बसून लाउडस्पीकर ऐकत होती. एकटे गुरुजी काठी टेकत वर गेले, हातात आठवा अर्ज घेऊन. तो कुणी घेतला नाही, हार घालायची गडबड होती. उतरताना आंब्याखालच्या वळणावर गुरुजींचा पाय सरकला आणि खुब्याचं हाड गेलं. वेताच्या खुर्चीला दोन बांबू बांधून केलेली वाडीची डोली होती, तिच्यात घालून त्यांना वर नेलं. उचलणाऱ्यांत सगळ्यात लहान रमजान, वय एकाहत्तर. तीन ठिकाणी डोली खाली ठेवावी लागली. गुरुजी विव्हळत होते आणि मधेच म्हणत होते, "माफ करा रे, तुम्हाला त्रास." नंतर मुलगा येऊन त्यांना विरारला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं ते अजून आहे.

ते सगळं रमजानच्या बायकोने, रहिमाने, आपल्या दारातून बघितलं होतं, जेवढं तिला दिसत होतं तेवढं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा चुकली. तिला पायरी दिसेना, बिनआधाराने चढता येईना, आणि डोलीत ती बसेना.

"जनाजा निघंल तेव्हा उचला चार जणांनी," ती म्हणाली होती. "जित्तेपणी नाय. मी माझ्या पायानं जाईन."

"पाय हायत गो तुझे. डोळे कुठं हायत?"

"मग हाताला कायतरी द्या."

रमजान त्या वाक्याने आतून चरचरला. सव्वीस वर्षं कुवेतला त्याने पायपांचं काम केलं होतं. तिथे तीन पायऱ्या असल्या तरी दांडा बसल्याशिवाय मजुराला पाय ठेवू देत नसत. हजारो परक्या माणसांच्या हाताला त्याने आधार दिला, आणि स्वतःच्या बायकोच्या हाताला काही नाही! तो उठला आणि फळीवरची हत्यारांची पेटी त्याने खाली घेतली.

शेजारच्या गंगुबाईने आपल्या घरातून वीज दिली, शिवाय दुपारी कुळथाची पिठी आणि भात दिला. "कापा मेल्याला," ती प्रत्येक पायपाला म्हणायची. शेवटच्या वरच्या सोळा पायऱ्यांना पाईप पुरला नाही. तेव्हा रमजानने वाडीला विचारून डोलीचे दोन्ही बांबू सोडले आणि तिथे ठोकले. आता उचलून न्यायची सोयच उरली नव्हती.

"हे सोमवारपर्यंत जसंच्या तसं बसवा, नाहीतर माझा नाइलाज आहे," सलिल म्हणाला. त्याचा आवाज मात्र थोडा उतरला होता. "मला पंचनाम्याला फोटो लागतील."

"काढा ना. चला, दाखवतो. एक इचारू, भाऊसाहेब? चार वर्षं झाली तुम्हाला इथं. खाली कधी उतरलाव?"

सलिल कट्ट्यावरून पाखाडीवर उतरला. तो पुढे झाला, मोबाईल डोळ्यांसमोर धरून. बांबू संपून पाईप सुरू झाला, सलिल आंब्याखालच्या वळणापर्यंत पोचला, आणि त्याच हिरव्या पायरीवर त्याचा बूट सर्रकन घसरला. मोबाईल खडखडत दोन पायऱ्या खाली गेला. दोन्ही हातांनी पिवळा पाईप कवटाळून सलिल अर्धवट बसला, अर्धवट लोंबकळला.

"लागलं काय?" रमजानने वरून विचारलं.

"नाही. नाही लागलं."

"गुरुजी इथंच पडले. तेव्हा हा नव्हता."

सलिल उभा राहिला. हात पायपावरच होता. खालून काहीतरी घासल्याचा आवाज आला म्हणून त्याने बघितलं. रहिमा चढत होती. डोक्यावर ओढणी घट्ट, खांद्याला हॉस्पिटलच्या कागदांची पिशवी. डावा हात पायपावरून पुढे सरकायचा, तिथे घट्ट धरायचा, मग पाय वर यायचा. मागून गंगुबाई होती, पण हात न लावता. तिला हॉस्पिटलला न्यायला वर रस्त्यावर साडेनऊला रिक्षा यायची होती. रहिमा दोन वर्षांनी वर येत होती.

तिचा हात पायपावरून चाचपत आला आणि सलिलच्या बोटांना लागला. ती थांबली.

"कोण?"

"मी सलिल. ग्रामसेवक."

"बरं झालं, आलाव," रहिमा म्हणाली. "जरा हात सोडा, बाबा. मला वर जायचं हाय."

पाखाडीला दांडा एकाच बाजूला होता. सलिलने खाली बघितलं, वर रमजानकडे बघितलं. मग त्याने एकेक बोट सोडवून हात काढला, आणि बिनआधाराच्या बाजूला, शेवाळावर, पाय रोवून उभा राहिला. रहिमा त्याच्यापुढून एकेक पायरी वर गेली.