निरांजन कुणी फेकलं?

आमच्या ह्यांचे पाय गेल्या महिन्यापासनं जमिनीवर न्हाईत. हे म्हंजे रंभाजी ठुबे. टीव्हीवर मागं 'दोन खोल्यांचं राज्य' नावाची इनोदी मालिका लागायची, ती ह्यांनी लिवलेली. आता पोरं ती मोबाईलवर बघत्यात. अन् नगरच्या कॉलेजातल्या पंकजा मॅडमनी शोध लावला, की त्या मालिकेत इतिहास दडलाय.

त्यातला भांडीफेकीचा भाग सगळ्यांना पाठ. घरमालक खोली खाली करायला माणसं घिऊन येतो. बाई जिन्यावरनं आधी तांब्याची भांडी फेकती, मग चांदीचं निरांजन, मग हात घालती सोन्याच्या पाटलीला. मॅडम म्हणाल्या, ही तर चांदबिबी! नगरच्या किल्ल्याला वेढा पडला, तोफगोळे सरले, तवा तिनं आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफेत भरली असं सांगत्यात. तेच हे!

आता खरं ऐका. लगीन झाल्यावर आमी नगरला भाड्यानं राहात हुतो. घरमालकाला जावयासाठी आमची खोली पायजे हुती. आला चार माणसं घिऊन. तवा हे कुठं हुते? खाटंखाली! भांडी फेकली मी, ह्या बायडाबाईनं. अन् उगं हाताला येईल ते न्हाई बरं का. शाळेत गुरुजींनी चांदबिबीची गोष्ट सांगितलेली, ती डोक्यात पक्की. दाराला वेढा पडल्यावर तांबं आधी, चांदी नंतर, असं बरोबर क्रमानं चालवलं. ह्यांना तर इतिहासात काठावर मार्क. खाटंखालनं दिसलं तसं लिवलं, अन् आता इतिहासकार म्हणून मिरवत्यात!

अन् त्यापायी कॉलेजानं ह्यांचा सत्कार ठेवला. म्हणून तिथं निघताना म्हणलं, "तिथं चारचौघांत सांगा, भांडी हिनं फेकली. मला दुसरं काय बी नको."

"बघू," म्हणाले, अन् मिशीला तेल लावाय लागले.

बघू? जल्मभर ह्यांचं उष्टं-खरकटं काढलं, अन् बघू? पारनेर ते नगर, एस्टीत मी चकार शब्द काढला न्हाई.

कॉलेजात पडद्यावर तो भाग लावला. पोरं पोट धरून हसली. त्या नटीनं पदर खोचला तो माझ्यासारखाच, ओठ आवळले ते बी माझ्यासारखेच. मला लई अभिमान वाटला, अन् तितकाच संताप आला. माझं सगळं हाय, नाव तेवढं न्हाई!

मग मॅडमनी माईकवरनं इचारलं, "ठुबे सर, चांदबिबीनं शेवटी सोनंही डागलं म्हणतात. तुमची नायिका मात्र पाटलीला हात घालून थांबते. तुम्हाला काय सुचवायचं होतं?"

हे खाकरले. पाणी प्याले. "त्यात असं... म्हंजे सोनं... अन् बाईचं मन..." गाडी चिखलात रुतली. माझ्याकडं बघितलं. मी वर पंखा बघत बसले. बसा रुतून, म्हणलं.

ह्यांनी कपाळाचा घाम पुसला.

"मॅडम, खरं सांगू का? मला ठावं न्हाई. मी खाटंखाली हुतो."

पोरं फिस्सकन हसली.

"फेकलं हिनं. चांदबिबी बी हिच्याच डोक्यातली. मी नुसतं उतरवून घेतलं. ती बघा, तिसऱ्या रांगेत. तिलाच इचारा."

माईक माझ्याकडं आला. तो धरायचा कसा ते बी ठावं न्हाई. पण जीभ कधी अडलीय व्हय माझी?

"पाटली कशाला फेकू बाई? निरांजन टाळक्यात बसलं तसा घरमालक पळाला की!"

टाळ्या थांबंनात. हे स्टेजवरनं उतरून आले, अन् सत्काराची शाल माझ्या खांद्यावर टाकली.

येताना एस्टीत उकाड्यानं जीव चालला हुता. हे दोनदा म्हणाले, "अगं, शाल काढ की."

"बघू," म्हणलं, अन् पारनेर येईस्तोवर काढली न्हाई.