फिकट बाटली

घरोघरी मातीच्या चुली असतात, तशी घरोघरी एक गुणपत्रिकाही असते आणि तिच्यापायी एक वेळचं जेवण तरी कोणाच्या घशाखाली उतरत नाही. या घरात ती थोरल्या मुलीची होती.

"विज्ञान तुला झेपत नाही," बाबा म्हणाले. "उद्या दुपारी कॉलेजात जाऊन शाखा बदलून घेऊ. चेहरा बघ कसा फिकट पडलाय. जागून मोबाइल बघत असशील. धाकट्याकडे बघ जरा, तोही याच घरात राहतो ना?"

धाकट्याने मान डोलावून आणखी वाढून घेतलं. मुलीला विज्ञान सोडायचं नव्हतं, पण ती काही बोलायच्या आत आजोबांनी आतून हाक मारली आणि ती उठली. खुब्याचं हाड मोडल्यापासून आजोबा अंथरुणावर होते. आई नर्स, तिच्या ड्युटीचा काही नेम नसे. आजोबांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, भरवणं हे सगळं मुलीकडे आलं होतं. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. एकदा तिने केलं आणि ते तिचंच होऊन बसलं.

बाबा संशोधक होते. ऊन आणि हवेवर वाढणारे निळसर-हिरवे जिवाणू ते प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांमध्ये वाढवत. जनुकांत फेरफार करून त्या जिवाणूंना एक पदार्थ पोटात भरपूर साठवायला लावलं होतं. पदार्थ प्लास्टिकसारखाच, पण मातीतल्या जिवाणूंच्या तोंडी पडून कुजणारा. सुरुवातीला साठा छान मिळाला. हल्ली मात्र बाटल्या हिरव्यागार आणि हाती येतं ते चिमूटभर. नाव मोठं आणि लक्षण खोटं, अशी गत झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत विभागप्रमुख मॅडम बाबांच्या टेबलापाशी आल्या.

"नवी बाटली लावताना जिवाणूंचं बियाणं कुठल्या बाटलीतलं घेता?"

"सगळ्यात हिरवी असेल तिच्यातलं."

ही त्यांची जुनी सवय. त्यावरून सहकारी त्यांना 'हिरवेसाहेब' म्हणून चिडवत. फिकट बाटल्या ते सरळ टाकायच्या ट्रेमध्ये ठेवून देत. मॅडमनी त्या ट्रेमधलीच एक उचलली. तिच्यातल्या थेंबात तो साठा चमकवणारा रंग मिसळला आणि काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघा."

जिवाणूंची पोटं चमकणाऱ्या दाण्यांनी गच्च भरली होती. मग हिरव्या बाटलीतला थेंब ठेवला. जवळजवळ सगळा अंधार.

"या फिकट बिचाऱ्यांनी मिळालं ते सगळं साठवायच्या कामात घातलं," मॅडम म्हणाल्या. "अंगी काय लागणार? ज्यांनी काम सोडलं ते तजेलदार झाले आणि तुम्ही दर वेळी त्यांचीच पाठ थोपटलीत. कामचुकारांचं खानदान तुम्ही आपल्या हाताने वाढवलंत, हिरवेसाहेब."

"मग यापुढे फिकट बाटल्या निवडतो."

"तेवढ्याने भागणार नाही. ओझं तेच राहिलं तर उद्या हेही काम सोडतील, नाहीतर मरतील. त्या जनुकाला हवं तेव्हा चालू करता येईल असं बटण बसवा. आधी त्यांना नीट वाढू द्या, मग काम मागा. वाढीच्या वयात मानेवर जू ठेवलं तर कोण वाढेल, सांगा बरं?"

बाबांनी ती फिकट बाटली हातात घेतली. फिकट! हा शब्द त्यांनी काल जेवताना कोणासाठी वापरला होता, ते त्यांना आठवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुपारी ते घरी आले तेव्हा मुलगी आजोबांना कुशीवर वळवत होती. उशीला टेकवून तिने पुस्तक उघडं ठेवलं होतं.

"रात्री मला पाणी लागलं की हीच उठते," आजोबा बाबांना म्हणाले. "पण कोण उठतं, हे तू कधी विचारलंस का?"

बाबांनी बाह्या सरसावल्या. "सरक, मी धरतो."

"कॉलेजात जायचंय ना?" मुलीने खालच्या आवाजात विचारलं.

"नाही जायचं. शाखा तीच राहील. चुकलं माझं. आजपासून आजोबांचं मी आणि धाकटा बघू. तू अभ्यासाला बस. नाहीतर आधी झोप काढ."

दारात उभ्या असलेल्या धाकट्याचा चेहरा पडला. "पण बाबा, मला नाही येत ते."

"तिलाही येत नव्हतं," बाबा म्हणाले. "ये, पाय धर आजोबांचे."

मुलगी पुस्तक छातीशी धरून खोलीत गेली आणि गाढ झोपली.

वाचकहो, आपल्या घरात, कचेरीत कोणी मागे पडलेलं दिसलं, तर त्याला नालायक ठरवण्याआधी त्याच्या डोक्यावर कोणाकोणाचं काम आहे ते पाहा. आणि पाहून नुसतं कौतुक करू नका. कौतुकाने ओझं हलकं होत नाही, त्याला आपला हात लावावा लागतो.