बाटलीतली गाठ

अमळनेरच्या बाहेरची ती जिनिंग कित्येक वर्षं बंद पडलेली होती. जिथं कापसाचे ढीग लागायचे, त्या आवारात आता माणसांचे ढीग लागत. शिंदखेड्याकडून, चोपड्याकडून, पार शहाद्याकडून एसटी भरभरून लोक येत. कुणाच्या पित्ताशयात खडे, कुणाच्या गळ्याला गाठ, कुणाचा बाप काविळीनं पिवळा पडलेला. हस्तसिद्ध महाराज सुरी न लावता, भूल न देता, टाका न घालता पोटात हात घालतात आणि रोग मुठीत धरून बाहेर काढतात, एवढ्या बोलवेवर माणसं घरातून निघालेली असत.

त्या गुरुवारी पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी फळीवर झुंबरबाई आडवी पडली होती. डोळ्यांवर भगवं फडकं. महाराजांचं तेज रोग्याला सोसत नाही, म्हणून बांधलेलं. उशाशी तिचा नवरा रुपचंद हात जोडून उभा.

झुंबरबाई चाळिशीला टेकलेली, अंगानं काटक, कापूस वेचायला बसली तर तिच्या पुढं कुणी जाऊ शकत नसे. मूलबाळ मात्र नव्हतं. ओटीपोटात दुखायला लागलं तेव्हा धुळ्याच्या डॉक्टर बोरसेंनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं, "अंडाशयावर गाठ आहे. मोसंबीएवढी. अजून एका जागी आहे, पसरलेली दिसत नाही. याच महिन्यात काढून टाकू." झुंबरबाईनं मान हलवली आणि घरी आली ती पुन्हा गेलीच नाही. तिची आई अशीच ऑपरेशनच्या टेबलावर गेली होती आणि चादरीत गुंडाळून परत आली होती. सुरी म्हटलं की झुंबरबाईचे हातपाय गार पडत. अशा बाईला बिनसुरीचा इलाज ऐकायला मिळाला, तर ती दुसरीकडं कशाला जाईल?

महाराजांनी बाह्या दंडापर्यंत सारल्या. दोन्ही पंजे उलटेसुलटे करून लोकांना दाखवले.

"बघून घ्या. काही आहे? काही नाही. डॉक्टर काय करतो? पोट फाडतो. आम्ही काय करतो? पोट उघडतो. फाडणं राक्षसाचं, उघडणं देवाचं. विज्ञान एका लेझरसाठी अमेरिकेला जातं. इथं पाच लेझर आहेत." त्यांनी बोटं फाकवली. "वीज गेली की मशीन बंद. माझी करंगळी कधी बंद पडली आहे काय?"

लोक हसले. सेवेकऱ्यानं तांब्यातलं पाणी आणि कापसाचा बोळा पुढं केला. धुपाटणं पोटाजवळ आणून ठेवलं.

झुंबरबाईला पोटावर बोटं रुतल्यासारखी वाटली. कातडी चिमटीत धरून दाबली गेली. मग कोमट, चिकट असं काहीतरी बेंबीखाली साचलं आणि कुशीवरून ओघळलं. धुपाच्या वासाखालून दुसरा एक वास आला. ओळखीचा. परसात कोंबडी साफ करताना येतो तो. तो विचार मनात आला तशी ती दचकली. देवाच्या दारात असलं काही सुचावं याची तिला लाज वाटली आणि तिनं दात घट्ट दाबून नामस्मरण सुरू केलं.

"निंघनी, गाठ निंघनी," गर्दीतून आवाज उठला. बाया रडायला लागल्या. महाराजांच्या चिमटीत रक्तानं माखलेला काळपट लाल गोळा लोंबत होता. पोट पुसलं तर कातडीवर ओरखडासुद्धा नाही. गोळा स्पिरिटच्या बाटलीत पडला आणि बाटली रुपचंदच्या हातात आली.

"देवघरात ठेवा. शंका घेऊ नका. शंका ही बीजासारखी असते. ती रुजली की गाठ पुन्हा येते."

इथंच महाराजांनी खरा हात मारला होता. पोटात नव्हे, तोंडावर.

सुरुवातीला झुंबरबाईला खरंच हलकं वाटलं. मग दुखणं परत आलं. पण आता ते बोलायची सोय नव्हती. घरी देवघरात ती बाटली हळदीकुंकू वाहून ठेवलेली, गावोगावच्या बाया तिच्या पाया पडून जात, जाताना झुंबरबाईच्याही पाया पडत. रुपचंद दर गुरुवारी महाराजांच्या शेजारी उभा राहून बायकोला लोकांसमोर उभं करायचा. आयुष्यभर पंचायतीत मागच्या सतरंजीवर बसलेला माणूस. आता लोक त्याला रुपचंदभाऊ म्हणत, बसायला खुर्ची देत. वाईट नव्हता तो. बायकोवर जीव होता त्याचा. फक्त ती बरी झाली आहे, या गोष्टीवर त्याचा जीव तिच्यापेक्षा जास्त बसला.

"मन्हं पोट दुखस हो," ती एकदा हळूच म्हणाली.

तो कावराबावरा झाला. "कोणले सांगू नको. तुन्हा मनमा शंका उनी व्हई."

मग ती दुखणं गिळायला शिकली. लोकांपुढं हसून उभी राहायची आणि घरी येऊन उशी पोटाशी धरून बसायची.

पुढं पोट वाढू लागलं. हातपाय काडीसारखे, आणि पोट मात्र रोज थोडं पुढं. रुपचंद घाबरून तिला महाराजांकडं घेऊन गेला. महाराजांनी डोळे मिटले, पोटावर हात ठेवला. क्षणभरच ते अडले. पण धंद्यातला माणूस तो. सगळी गर्दी बघते आहे हे मिटल्या डोळ्यांनीही त्याला दिसत होतं.

"गाठ काढली ती जागा रिकामी होती," ते म्हणाले. "तिथं मी गर्भ ठेवला आहे."

शेड दणाणली. रुपचंद खाली बसून लहान पोरासारखा रडला. झुंबरबाई मनाशी हिशेब लावू लागली. पाळी थांबली होती हे खरं. उलट्या होत होत्या हेही खरं. वीस वर्षं बारशाला बोलावणं आलं तर मागच्या ओळीत उभी राहिलेली बाई ती. तिनं पोटावर हात ठेवला आणि तो हात पुन्हा काढलाच नाही.

"मशीनखाली मात्र न्यायचं नाही," महाराजांनी बजावलं. "किरणांनी गर्भ जळतो."

थाटात डोहाळजेवण झालं. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, फुलांचा झुला. बांगड्या मनगटात राहत नव्हत्या, कोपरापर्यंत घसरत होत्या. तानुबाई नावाची तिची चुलत सासू हसून म्हणाली, "पोऱ्याच व्हई. त्यानी आईना अंगनं बठ्ठं मांस खाई टाकं." बायका हसल्या. झुंबरबाईही हसली. घास तिच्या घशाखाली उतरत नव्हता, दोन वाक्यांत दम लागत होता. मुलासाठी एवढं सोसावंच लागतं, असं ती स्वतःला सांगत होती.

ती धुळ्याला गेली ती शंका आली म्हणून नाही. तिला बाळ बघायचं होतं. धुळ्यात दिलेली तिची धाकटी बहीण बेबाबाई भेटायला आली होती. ती बोलता बोलता म्हणाली, त्या मशीनमध्ये बाळाचं काळीज लुकलुकताना दिसतं. झुंबरबाईच्या मनातून ते काही जाईना. एकदाच बघावं. नुसतं एकदा. महाराज रागावले तर माफी मागू. बहिणीकडं राहायला जाते म्हणून ती निघाली.

डॉक्टर बोरसेंनी तिला ओळखलं. पोटाकडं बघून त्यांचा चेहरा बदलला. थंड मलम लावून यंत्राचा दांडा फिरवू लागले. झुंबरबाई मान वळवून पडद्याकडं बघत होती. काळं, नुसतं काळं, त्यात मध्येच पांढरट ढेकळं.

"पोऱ्या कोठे शे?" तिनं विचारलं.

डॉक्टरांचा हात थांबला.

"कोणी सांगितलं बाळ आहे म्हणून?"

"महाराजांनी."

"झुंबरबाई, हे काळं दिसतं ते पाणी आहे. पोटात पाणी झालंय. आणि ही इथं गाठ. तीच. आता नारळाएवढी झालीय."

"ती तं काढी टाकी," ती म्हणाली. "बाटलीमा शे. घरी. मी रोज पूजा करस."

सोबत आलेल्या बेबाबाईनं तोंडाला पदर लावला. झुंबरबाई मात्र पडद्याकडंच बघत राहिली. अजून थोडं फिरवून बघा, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी फिरवून दाखवलं. मग तिनं लुगडं सारखं केलं आणि हिरव्या बांगड्या एकेक करून काढून टेबलावर ठेवल्या.

निरोप मिळताच रुपचंद तणतणत आला. मशीनखाली नेऊन पोर मारलं, असा त्याचा पहिला बोल. डॉक्टरांनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाले, "तुमच्याकडं बाटली आहे ना? घेऊन या. महाराज खरे असतील तर त्यात तुमच्या बायकोचं मांस असणार. खोटं असेल तर तेही दिसेल. बघायला काय हरकत आहे?"

बाटली आली. डॉक्टरांनी गोळ्याला चिकटलेल्या रक्ताच्या गुठळीचा कण काचेवर पसरला. झुंबरबाईच्या बोटाला टोचून एक थेंब दुसऱ्या काचेवर घेतला. दोन्हींवर रंग चढवला आणि सूक्ष्मदर्शकासमोर नवराबायकोला बसवलं.

"हे तुमचं रक्त. तांबड्या चकत्या दिसतात? मधोमध काही नाही. माणसाची तांबडी पेशी अशीच असते. आता हे बाटलीतलं बघा."

झुंबरबाईनं डोळा लावला. प्रत्येक चकती लांबट, आणि प्रत्येकीच्या मध्ये गडद ठिपका, कपाळावर टिकली लावावी तसा.

"असा ठिपका पाखराच्या रक्तात असतो. हा गोळाही मी तपासायला पाठवतो, पण मला दिसतंय ते सांगतो. हे कोंबडीचं काळीज आहे."

रुपचंदनं कितीतरी वेळ डोळा काढला नाही. काढला तेव्हा तो बायकोकडं बघू शकेना.

"डॉक्टरसाहेब," झुंबरबाई म्हणाली, "तवयच ऑपरेशन करं असतं तं?"

डॉक्टर काचा आवरू लागले.

"खोटं नका सांगू. खोटं लई ऐकं मी."

"तेव्हा गाठ एका जागी होती," ते म्हणाले. "काढली असती तर बहुतेक तुम्ही बऱ्या झाला असता."

ऑपरेशन झालं. आई गेली त्या टेबलाची भीती आयुष्यभर बाळगलेली बाई स्वतःच्या पायांनी टेबलापर्यंत चालत गेली. डॉक्टरांनी पोट उघडलं. गाठ आतड्यांवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, यकृताखाली सगळीकडं रुजलेली होती. निघेल तेवढी काढली, पाणी काढलं, आणि पोट शिवलं. तिला मोकळा श्वास घेता येऊ लागला. एवढंच हातात होतं.

टाके सुकल्यावर ती गावी आली आणि तिनं हट्ट धरला. डॉक्टरांनी गावात येऊन महाराजांची हातचलाखी सगळ्यांसमोर करून दाखवावी. डॉक्टर एका रविवारी आले. शाळेच्या पटांगणात बाक मांडला. महाराजांनाही बोलावणं गेलं होतं. त्यांचा निरोप आला: सिद्धी परीक्षेला बसत नाही. परीक्षेला बसली असती तर तिला नापास करायला गावातली कोंबडी पुरेशी होती.

बाकावर कोण झोपणार, असं डॉक्टरांनी विचारलं. कोणी पुढं येईना. रुपचंद उठला, सदरा काढला आणि उताणा पडला.

डॉक्टरांनी रिकामे पंजे दाखवले. कापसाचा बोळा घेतला. रुपचंदच्या ढिल्या पोटात बोटं रुतवली, आणि रक्त वर आलं. पुढं बसलेले लोक उठून उभे राहिले. लोंबता लाल गोळा वर निघाला. पोट पुसलं. ओरखडा नाही.

"डॉक्टरलेबी सिद्धी शे," मागून एक म्हातारा पुटपुटला. "मन्हा गुडघा देखी द्या मंग."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आबा, सिद्धी नाही. जवळ या." त्यांनी सावकाश पुन्हा करून दाखवलं. कोंबडीच्या आतड्याचा तुकडा, दोन्ही तोंडं दोऱ्यानं बांधलेली, आत रक्त आणि काळजाची फोड. ती पुडी कापसाच्या बोळ्यात दडवलेली. बोटं आतल्या बाजूला मुडपली आणि उलट्या मुठीनं पोट दाबलं की बोटं आत गेल्यासारखी दिसतात. नखानं पुडी फाडली की खळग्यात रक्त साचतं. धूर वास लपवतो आणि फडकं रोग्याचे डोळे. जखम राहत नाही, कारण जखम केलेलीच नसते.

डोहाळजेवणात हसलेल्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या. झुंबरबाई बहिणीचा हात धरून उभी राहिली. बोलताना तिला मध्येमध्ये थांबावं लागत होतं.

"तुम्ही बठ्ठा मन्हा पाया पडनात. मन्हामुळे तठे कोण कोण गयात, ते माले माहीत नही. जे गयात, त्यास्नी आते धुळ्याले जाई या. त्यानी गाठ काढी म्हणे ना? मंग मशीनखाली देखा. काढी व्हई तं दिसावू नही. दिसनी, तं तो खोटा. शंका घ्या. माले शंका उनी व्हती, पहिल्याच दिवशी. मी तिले दाबी टाकं."

ती खाली बसली. त्या आठवड्यात गावातून आणि आजूबाजूच्या वाड्यांतून काही माणसं डॉक्टरांकडं गेली. शेजारच्या गावची कुंदाबाई, जिच्या छातीतली गाठ महाराजांनी 'काढली' होती, तिची गाठ जिथल्या तिथं सापडली. ती वेळेत होती. तिचं ऑपरेशन झालं आणि ती जगली.

झुंबरबाई दिवाळीच्या आधी गेली. जिनिंगचं आवार तोवर रिकामं झालं होतं. महाराजांनी तापीपलीकडं दुसऱ्या नावानं दरबार भरवला होता आणि तिथंही एसटी भरून जात होती. पोलिसांत रुपचंदनं तक्रार दिली. साक्षीला मोजकेच लोक आले. बाकीच्यांना अजून महाराजांच्या शापाची भीती होती.

ज्याच्या हातात खरंच रोग काढायची ताकद असेल, त्याला तपासणीची भीती वाटायचं कारण नाही. डॉक्टर असो की महाराज, उपचाराच्या आधी रोग कुठं होता आणि उपचारानंतर कुठं आहे, हे दाखव, एवढं विचारायचा हक्क प्रत्येक रोग्याला आहे. विचारल्यावर जो चिडतो, शाप देतो, किंवा तुमच्या श्रद्धेत खोट काढतो, त्याच्या फळीवरून उठावं आणि चालू लागावं.