खाली ठेवलेला पेला

मी एक जुनी पितळी किटली आहे, मित्रांनो. बाकदार चोच, उंच गळा आणि पोटात वेलचीच्या कॉफीचा मुरलेला वास. अरबी मुलखातल्या सॉल्ट गावच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. फिद्दा आजीच्या लग्नात मी या घरात आले. माझ्या कॉफीवर सोयरिकी जुळल्या, दोन घराण्यांचं वैर मिटलं. "कॉफी प्यावी ती फिद्दाच्या घरची," असं लोक म्हणायचे आणि माझी मान आणखी ताठ व्हायची.

मग माझ्यावर आळ आला. आजीच्या नातीच्या, रुबाच्या, अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग दिसू लागले.

"रुदैना, पोटुशी असताना तुला कॉफीचे डोहाळे लागले आणि तू लाजून मागितली नाहीस," आजी सुनेला म्हणाली. "राहिलेली इच्छा लेकीच्या अंगावर उमटली."

बायकांनी माना डोलावल्या. रोजच्या कॉफीला थर्मास आला. मी फळीवर गेले, काळवंडले. फक्त ईदला खाली उतरायची.

रुदैनाची नजर मात्र लेकीवरून हलत नव्हती. रुबा वर्गात सगळ्यांत बुटकी. अंगठे आखूड. हल्ली कुठे न आपटताही अंगावर निळे वण.

"आत्या, एकदा रक्त तपासू या," ती सासूला म्हणाली.

"डोहाळ्यांचं कसलं रक्त तपासतेस? उद्या लोक म्हणतील पोरीत खोट आहे. मग हिला करील कोण?"

आजीच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी नव्हतं.

त्या ईदला मला लिंबाने लखलखीत घासलं आणि रुबाच्या हाती दिलं. किटली डाव्या हातात, पेला उजव्या हातात, अशी इथली रीत. रुबाच्या अंगठ्याला माझा भार पेलवेना. तिने मला दोन्ही तळव्यांत धरलं आणि पेला तबकात ठेवूनच भरला.

"एका हातात, गं. चारचौघांत हसं करतेस?"

"मग तूच ओत ना, आजी. तुझे अंगठे मोठे आहेत."

बायका हसल्या. रुदैना हसली नाही. तिने भरलेला पेला घेतला आणि न पिता समोर ठेवून दिला.

इथली आणखी एक रीत आहे. पाहुण्याने पेला खाली ठेवला म्हणजे त्याचं काही मागणं आहे. ते मिळेपर्यंत तो पीत नाही, आणि ज्या घरची कॉफी तशीच राहते त्या घराचं नाक कापलं जातं.

"घरची सून ना तू? मग हे पाहुणीचे चाळे कशाला?"

"या घरात पाहुणीला नाही म्हणत नाहीत, आत्या. म्हणून आज पाहुणी झाले. रुबाला डॉक्टरकडे नेऊ द्या."

आजीने जमलेल्या बायकांकडे पाहिलं, मग त्या पेल्याकडे. कॉफीवरची वाफ विरली.

"पी," ती म्हणाली. "दिलं तुझं मागणं."

डॉक्टरीणबाईंनी डाग, अंगठे, उंची हे सगळं एकत्र पाहिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. घराण्यातून आलेला दुर्मीळ आजार निघाला, फॅन्कोनी अॅनिमिया. हाडांतली मज्जा रक्त बनवायला कमी पडू लागली होती. वाट लांबची आहे, पण वेळेत कळलं, आणि तिला द्यायला थोरल्या भावाची मज्जा जुळली आहे. माझ्यावरचा आळही फिटला.

मित्रांनो, आयुष्यात मी खूप पेले भरले. मला अभिमान आहे तो त्या गार झालेल्या पेल्याचा. मला घासायला विसरलात तरी चालेल. लेकराच्या अंगावरची खूण मात्र नुसती नवलाने बघून सोडू नका, जाणत्याला दाखवा.

रुबा अजूनही मला दोन्ही तळव्यांत धरते. पेला आता फिद्दा आजी धरते.