दिल्लीच्या पेटीतलं भूत

चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की विजयमाला कुणाच्या तरी पाठीमागं लपायची, हे आता आटपाडीच्या आसपास कुणाला सांगूनही पटलं नसतं. नववीतली ही मुलगी गेले सहा रविवार बारा बायकांना निव्वळ बोलण्याच्या जोरावर भुईमुगातून ओढून नेत होती.

त्याचं असं झालं. तिचा थोरला भाऊ सिद्धू पलटणीत, आणि पलटण दिल्लीला. तिथं जवानांच्या करमणुकीच्या खोलीत एक पेटी आली होती. रेडिओसारखीच, पण आत माणसं हिंडता-फिरताना दिसायची. टेलिव्हिजन म्हणायचे तिला. हे सांगणारं सिद्धूचं पत्र हातात पडायचा अवकाश, विजयमालानं उलट टपाली विचारलं, त्यात भुताखेतांचं, नाहीतर चंद्र-मंगळावरचं काही दाखवतात का? या दोन गोष्टींवर तिचा जीव होता. शाळेच्या कपाटातली तसली चारही पुस्तकं तिला पाठ होती, पाचवं काही शाळा आणत नव्हती.

सिद्धूचं उत्तर आलं, दाखवतात की, दर शनिवारी. आणि दोन खेळांची हकिगत सोबत. एक चंद्रावर घर बांधून राहणाऱ्या बाईची. तिचा नवरा यान घेऊन पाणी आणायला म्हणून खाली आला, तो परतलाच नाही. दुसरा खेळ मेल्यावरही ड्यूटी न सोडणाऱ्या स्टेशनमास्तरचा. तो रोज हिरवा कंदील दाखवायचा आणि नसलेली गाडी फलाटाला लागायची. तोवर खरोखरीच्या चंद्रावर कुणी पाऊल ठेवलं नव्हतं, त्यामुळं ती बाई तर विजयमालाच्या डोळ्यांपुढून हलेना.

रविवारी भांगलायला गेल्यावर तिनं हे सगळं शेजारच्या हरणाबाईला सांगितलं. भांगलणीत जिची तिची पात ठरलेली असते, म्हणजे दोन-तीन ओळींचा पट्टा. तण खुरपत तो पुढं न्यायचा. हरणाबाई ऐकत ऐकत विजयमालाच्या बरोबरीनं सरकली. पलीकडची ऐकायला पुढं आली. मागं राहिलीला स्टेशनमास्तर ऐकू येईना, म्हणून तिनंही हात उचलला. भाकरीची वेळ व्हायच्या आत निम्मं वावर स्वच्छ. टोळीची मुकादमीण बयाबाई काय ते समजून गेली. तिनं हुकूम काढला, विजीनं खुरपं ठेवायचं, बायकांच्या पुढं उलटं चालत गोष्ट सांगायची, तिची पात सगळ्यांनी वाटून घ्यायची. फक्त भूत यायच्या जागी आवाज बारीक करायचा, म्हणजे मागच्या पळत येतात.

पंचाईत एवढीच झाली की तीन पत्रांनंतर सिद्धूची पत्रं नुसती खुशालीची यायला लागली. 'खेळ चालू आहेत, सविस्तर मागाहून.' इकडं बायका सविस्तरासाठी टपलेल्या. मग चौथ्या रविवारी विजयमालानं पदरचं थोडं लावलं. पाचव्या रविवारी बरंच लावलं. सहाव्या रविवारी तर तिनं कहर केला आणि स्टेशनमास्तरला यानात घालून थेट चंद्रावर, त्या बाईच्या दारात नेऊन उतरवला. बायका इतक्या खूष झाल्या की भाकरी खायची विसरल्या. दिल्लीच्या नावावर आपण ठोकून देतोय, हे विजयमालाला मात्र आतून टोचत होतं.

सातव्या रविवारी सिद्धू रजेवर आला आणि आईनं त्याला भाकऱ्या घेऊन शेतावरच धाडला.

त्याला बांधावर बघून विजयमाला उलटी चालता चालता थांबली. आता हा म्हणणार, असं कुठं होतं? पुन्हा खुरपं हातात आलं असतं, त्याचं काही नाही. पण एकदा खोटारडी ठरल्यावर पुन्हा बायकांपुढं तोंड उघडायचं कसं? परत आपली ती जुनी मुकी विजी.

बयाबाईनं त्याला खाली बसूसुद्धा दिलं नाही. "सिद्धू, तू तर डोळ्यांनी बघतुयास. त्या मास्तराला चंद्रावर रूळ घावलं का न्हाई?"

सिद्धूनं एकदा बयाबाईकडं पाहिलं, एकदा आभाळाकडं. "घावलं की. त्या बाईनंच दावलं."

"आन् कंदील? तिथं हवा न्हाई म्हनं. मग पेटतुय कसा?" हरणाबाईनं विचारलं.

"मिल्ट्रीचा कंदील हाय त्यो."

विजयमाला बघतच राहिली. मास्तरला चंद्रावर तिनं पाठवला होता, गेल्या रविवारी, भाकरीच्या आधी. तो दिल्लीला पोचायचं काही कारणच नव्हतं.

बघणारा माणूस घावल्यावर बायका त्यालाच पुढचं सांग म्हणून बसल्या. सिद्धूनं खाकरून सुरुवात केली. मास्तरनं म्हणे चंद्रावरची माती तपासायला घेतली. मग बियाणं कसं निवडायचं, एकरी खत किती, ते मुळापासून किती बोटं लांब टाकायचं, हे तो असं घडाघडा बोलत सुटला की मध्ये श्वास घेईना. पाती रेंगाळल्या. हरणाबाईनं तर खुरपं टाकून मिसरीची डबी काढली.

"आरं, हे आमचा ग्रामसेवक फुकट सांगतुय," बयाबाई म्हणाली, "आन् आमी त्याचंबी ऐकत न्हाई."

पाणी प्यायच्या निमित्तानं विजयमालानं भावाला बाजूला घेतलं. "दादा, त्या पेटीत खरं काय दिसतं?"

सिद्धूनं मान खाजवली. "खत. एक सायेब येतुय आन् खतच सांगतुय. मग एक बाई गाणं म्हणायला बसती, तवर आमची झोपायची शिट्टी हुती."

"आणि भुतं?"

"तू एवढ्या हौसेनं विचारलंस, न्हाई कसं म्हणू? तीन पत्रं रेटलं. फुडं सुचंनाच की."

विजयमालानं मनातल्या मनात मोजलं. पहिले तीन रविवार याचे. म्हणजे पुढच्या तिन्ही रविवारी बायका पळत आल्या, त्या तिच्यासाठी. खत सांगणाऱ्या साहेबासाठी खास नव्हे. तिला आधी हसू आलं, मग एकाएकी असं काही अंगात आलं की ती तडक वावरात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पेटीत असं काही दाखवत न्हाईत. सुरुवात दादानं रचली. मागचे तीन रविवार मी रचलंय."

सिद्धू बांधाआड बसला.

बयाबाईनं पदरानं घाम पुसला. "ती पेटी आमाला काय चुलीत घालायचीय? त्या चंद्रावरच्या बाईचा दाल्ला माघारी येतुय का न्हाई, ते सांग."

"ते अजून ठरलं न्हाई," विजयमाला म्हणाली.

मग मात्र गिल्ला झाला. एकीला तो नवरा मेलेला हवा होता, एकीला पाण्याच्या टँकरसकट हवा होता. हरणाबाईचा नवरा दोन वर्षं सांगलीला हमाली करत होता आणि सणालाही फिरकत नव्हता. तिनं मिसरीचं बोट पुसलं आणि खुरपं उचललं.

"येऊ दे त्याला," ती म्हणाली. "पर दार लगी उघडू नगंस."

विजयमाला उलटी चालायला लागली. त्या दिवशी चार पाती पार होईतो चंद्रावरचा नवरा पाण्याची घागर डोक्यावर घेऊन दाराबाहेर उभा होता.