दोनदा दाबलं की खाली

चीनमधल्या फोशानच्या त्या गल्लीत मोक कामताकचा सिंह नाचायला उभा राहिला, की देवळापुढचे दगडी सिंह मान वळवून बघत. तिथली म्हातारी माणसं तरी तसं शपथेवर सांगतात, आणि म्हातारी माणसं काय उगाच शपथा घेतात?

कापडी सिंहाचं डोकं असे कामताकच्या लेकीच्या, लोकयीच्या, हातात. मागे शेपटीत वाकलेला कामताक. ढोलापुढे बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून बापलेकीनं हातांची भाषा बसवली होती. तो तिची कंबर धरी आणि ती त्याचं मनगट दाबी. एकदा दाबलं की वर उचल. दोनदा दाबलं की खाली उतरव, जमत नाही. दोनदा दाबायची वेळ त्या पोरीनं सहसा येऊ दिली नाही.

कामताकच्या सिंहनाचाच्या आखाड्यात ‘दुखतं’ हा शब्द काढायची बंदी होती. जो काढेल त्याच्यापुढे कडू काढ्याचा वाडगा. एकदा तो काढा अंगणात सांडला, तर तिथे पुन्हा मुंगी फिरकली नाही. तिची नातवंडंसुद्धा वळसा घालून जातात.

अशी ही पोर सिंह नाचवायच्या उंच खांबांवरून कधी पडली नाही. पडली ती शेजाऱ्याच्या लिचीच्या झाडावरून, तेही उतरताना, कारण खिसे गच्च भरले होते. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन आत धातूची पट्टी बसली आणि भुलीचा अंमल उतरू लागला, तेव्हा वेदनेचं औषध बघणाऱ्या डॉ. सिट बाई येऊन म्हणाल्या, आता थोडं मॉर्फिन सुरू ठेवू.

नाव ऐकताच कामताकच्या मिशा ताठ झाल्या. मॉर्फिन म्हणजे अफूची सख्खी लेक, हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. त्याच्या पणजोबांनी अफूपायी आधी झांजा फुंकल्या, मग ढोल, मग सिंहाचं डोकं. शेवटी सिंहाची शेपूट तेवढी उरली, तीही एका पावसाळ्यात धुरात गेली. त्या घरात पुन्हा सिंह उभा करायला दोन पिढ्यांची हाडं झिजली होती.

“आमच्या घरात ती बया परत शिरणार नाही,” तो म्हणाला. “माझी पोर सिंह आहे. साधं औषध द्या, पुरे.”

त्याची बायको युकफान हिची भीती वेगळी. अशा औषधानं मेंदू मंदावतो, असं तिच्या मावशीनं सांगितलं होतं. “आधीच गणितात हिचा दिवा मिणमिणता,” ती हळूच म्हणाली, “त्यावर आणखी फुंकर कशाला?”

बाईंनी शांतपणे सांगितलं, की पोरीला उठून बसायचंय, खोल श्वास घ्यायचाय, पाय हलवायचाय. दुखत असताना ते होत नाही, आणि ते झालं नाही तर पाय बरा व्हायला रेंगाळतो. पण कामताक जागचा हलेना. मग नर्सनं चेहऱ्यांचा तक्ता आणला. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडून बेजार झालेला. किती दुखतंय ते दाखव, बाळ.

लोकयीनं बापाकडे एकवार पाहिलं आणि हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

“बघा,” कामताकची छाती दारात मावेना. “आमच्या आखाड्याचं पाणी आहे हे.”

“उस्ताद,” बाई म्हणाल्या, “चेहरा हसतोय खरा. मग उशी कशानं भिजलीय?”

तो घाम उन्हाळ्याचा, असं कामताकनं ठरवून टाकलं. नर्स म्हणाली, हिला जरा वर सरकवायचंय, हात लावा. सवयीनं त्यानं मागून लेकीची कंबर धरली, सिंहात धरायचा तशीच. पोर अजून हसतच होती. पण तिची बोटं त्याच्या मनगटावर आली. दाबलं. पुन्हा दाबलं.

कामताकनं तिला अलगद खाली ठेवलं. खांबांवर असताना ही खूण आली आणि बापानं ऐकलं नाही, तर पोर दगडावर पडते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

“बाई,” शेवटी तो म्हणाला, “तिला दुखतंय. फार दुखतंय. द्या ते औषध.”

मग दबकत विचारलं, “सवय लागेल का हो?”

“तुमच्या पणजोबांना मोजून देणारं कुणी नव्हतं,” बाई म्हणाल्या. “इथे मी आहे. वजन बघून द्यायचं, श्वासावर नजर ठेवायची आणि दुखणं ओसरलं की कमी करत थांबवायचं.” त्या युकफानकडे वळल्या. “औषध सुरू असेपर्यंत जरा पेंगेल. गणित होतं तिथेच राहील.”

“तिथेच?” युकफान म्हणाली. “त्यावर काही औषध नाही का?”

औषध चढलं तशा लोकयीच्या भुवया सैल झाल्या. मग तिनं आवाज अगदी बारीक करून विचारलं, “बाबा, तुम्ही तो शब्द बोललात. आता काढा?”

कामताकनं घरून काढा मागवला आणि सगळ्या वॉर्डासमोर वाडगा एका दमात रिकामा केला. तोंड असं वाकडं झालं, की पलीकडच्या खाटेवरचा टाके घातलेला पोरगा पोट धरून विनवू लागला, “काका, हसवू नका हो.” लोकयी मात्र खळखळून हसली, आणि हसता हसता तिनं खोल श्वास घेतला, जो बाईंना हवा होता. पायाची बोटंही हलली.

दुसऱ्या दिवशी तिला कुबड्या देऊन उभं करायचं ठरलं. कॉरिडॉरमध्ये आखाड्याची पोरं जमली होती. ढोलाला मनाई, म्हणून कुणी स्टीलच्या बशीवर बोटांनी ठेका धरला. त्या ठेक्यानं फोशानमधली मांजरं खिडक्यांत येऊन बसली म्हणतात, ते खोटं. दोनतीनच आली होती. कामताक मागे वाकला आणि लेकीची कंबर धरली.

“दुखतंय का गं?” त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“थोडं दुखतंय,” लोकयी तितक्याच मोठ्यानं म्हणाली, आणि काढ्याचा वाडगा कुणी पुढे केला नाही.

मग तिची बोटं त्याच्या मनगटावर आली. तो श्वास रोखून वाट पाहत राहिला.

तिनं एकदाच दाबलं.