बजेटात न बसलेली लेन्स

मी एक जुनी लेन्स आहे. जुनी म्हणा, मित्रांनो, खुशाल म्हणा. भंगार मात्र म्हणू नका. तुटकी खुर्ची, बंद पडलेलं घड्याळ, फाटकी छत्री अशी आमच्यातली वयस्कर मंडळी आपली कहाणी सांगतात आणि शेवटी हात जोडून 'आम्हाला जपा हो' म्हणतात. मी हात जोडणार नाही. एकतर मला हात नाहीत, आणि असते तरी जोडले नसते.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळवून तिची काच केली, आणि ती काच दिवसच्या दिवस हळूहळू निववली. घाईने निवलेली काच आतून चिडकी राहते आणि पुढे कधीतरी आपणहून तडकते. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल. मग कोणीतरी मला ओल्या भुकटीवर घासून घासून गोल केलं. त्यांचे चेहरे मला माहीत नाहीत, कारण तेव्हा मला दिसतच नव्हतं. अशी पाच-सहा भिंगं एका धातूच्या नळीत बसवली, आत पातळ पात्यांचा पडदा लावला, आणि झाले मी तयार. ती पाती पूर्ण उघडली की माझं तोंड चांगलं मोठं होतं. मग जिथे इतरांना नुसता काळोख दिसतो, तिथे मला माणसं दिसतात. ही बढाई नव्हे, बनावटच तशी आहे.

मी आले ती एका फोटो स्टुडिओत. तो चालवणाऱ्या बाईंना सगळे 'आई' म्हणत, कारण त्यांच्या दोन मुली दिवसभर 'आई, आई' करत स्टुडिओभर हुंदडत. एक स्टूल, मागे पांढरा पडदा, दोन दिवे, बस. कारखान्याची ओळखपत्रं, शाळेचे दाखले, म्हाताऱ्यांचे पेन्शनचे फोटो, सगळे माझ्यासमोर येऊन बसले. आई म्हणायची, "हनुवटी जरा खाली. हं. आता श्वास सोडा." माणूस श्वास सोडायचा आणि तेवढ्यात ती बटण दाबायची. दगडासारखा चेहरा घेऊन आलेली माणसंही फोटोत जिवंत दिसत. "हिच्यापुढे कोणाला खोटं हसता येत नाही," असं ती माझ्याकडे बोट दाखवून सांगायची. मला फार बरं वाटायचं. वाटायचं म्हणजे काय, अजून वाटतं.

मुलींचे बाबा काचेच्या कारखान्यात काच फुंकायचे. लोखंडी फुंकणीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि गाल फुगवून त्याची बाटली करायची. त्यांच्या शर्टाची एक तरी बाही कायम जळालेली असे. थोरलीला घरात ताई म्हणत. धाकटी नाकावर राग घेऊनच जन्मली, म्हणून बाबांनी तिचं नाव ठिणगी पाडलं.

पुढे आई आजारपणात गेली. स्टुडिओ ताईच्या गळ्यात पडला. ताईने नवा कॅमेरा आणला, त्याला त्याची स्वतःची लेन्स होती, आणि मी गेले टेबलाच्या खणात. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात मेलेल्या बॅटऱ्या, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या आणि वितळून एकमेकांना चिकटलेले रबरबँड. त्यातल्याच एका किल्लीने माझ्या कडेला ओरखडा काढला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण त्या नव्या कॅमेऱ्याचे नऊ दिवस काही केल्या संपेनात. मी काय करणार? पडून राहिले आणि कान उघडे ठेवले.

एके दिवशी बाबा स्टुडिओत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "महिनाअखेरीला भट्टी विझवणार. तिथे गोदाम होणार म्हणे."

"परत नाही पेटवणार?" ताईने विचारलं.

"विझलेली भट्टी आतून तडकते गं. ती परत पेटत नाही."

ठिणगी तोवर मोठ्या लोकांच्या शूटिंगला जाऊन दुसऱ्यांचे कॅमेरे उचलण्याचं काम करायची. ती ताडकन उभी राहिली. "मी फिल्म काढणार. तुमच्या भट्टीची."

"भट्टीत काय बघायचंय?" बाबा म्हणाले. "गरम असते, एवढंच."

"तेच दाखवते. आणि खिशातल्या फोनवर नाही. मोठ्या पडद्यावर चालेल अशी."

मग दोघी बहिणी टेबलाशी बजेट करायला बसल्या आणि मी खाली खणातून ऐकत होते. ठिणगीला हवा होता तो सिनेमाचा डिजिटल कॅमेरा तुकड्यातुकड्यांचा होता. जसं लागेल तसं जोडत जायचं. ताईने किंमत पाहिली, शिल्लक पाहिली, आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "बसतंय की गं!" अंथरूण पाहून पाय पसरणारी बाई ती. तिने जाण्यायेण्याचं भाडं धरलं, कामगारांचा चहा धरला, चहाबरोबर बिस्किटं नकोत असंही ठरवलं. पण एक गोष्ट दोघींनी धरलीच नाही. मित्रांनो, दोघी स्टुडिओत वाढलेल्या. त्या घरात कॅमेरा म्हटला की त्याला डोळा असायचाच. बिनडोळ्याचा कॅमेरा कोणी विकत असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

खोकं आलं. ठिणगीने ते उघडलं. आत एक काळा चौकोनी ठोकळा. चित्र बघायचा पडदा नाही, मूठ नाही, बॅटरी नाही, चित्र साठवायचं कार्ड नाही आणि समोर नुसतं गोल भोक.

बाबांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "याचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली?"

"बाबा, हा फक्त मेंदू आहे. बाकीचं वेगळं घ्यायचं असतं," ठिणगी पुटपुटली.

"एवढ्या पैशांत नुसता मेंदू? मेंदू तर तुला फुकट दिला होता, तो वापरायचास!"

ताईला हसू आलं नाही. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," एवढंच म्हणून ती उठली. तिने हातातली एक बांगडी मोडली. त्यातून छोटा पडदा आला, मूठ आली, कार्ड आलं. लेन्सच्या किमती विचारल्या तेव्हा मात्र ताईने बजेटची वही मिटली. सिनेमाच्या लेन्सचा एक संच कॅमेऱ्याच्याही वर जात होता.

तेव्हा ठिणगीने खण उघडला. किती काळाने माझ्या तोंडावर उजेड पडला! जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसवायची एक कडी मिळते, अगदी स्वस्तातली. तिने ती आणली, मला पुसलं आणि ठोकळ्याच्या त्या भोकावर बसवलं. बॅटरी नव्हती, म्हणून वायर भिंतीतल्या प्लगला लावली. पडद्यावर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर उमटलं, आणि बाजूला ताईचा वैतागलेला चेहरा.

"ताई, बघ ना! आईची लेन्स!"

"ओरखडा बघ आधी," ताई म्हणाली. "ठिणगे, भट्टी एकदाच विझणार आहे. आईच्या आठवणीवर जुगार खेळायचा नाही. एक दिवसापुरती चांगली लेन्स भाड्याने आणू."

आईच्या आठवणीवर जुगार म्हणे! मी खवळले. पण खवळून लेन्स काय करणार?

मग आम्ही कॅमेऱ्याच्या सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने एक भलीमोठी झूम लेन्स काढली. अंगाने दुधीभोपळ्याएवढी, आणि ऐट तर विचारू नका. तिचं एका दिवसाचं भाडं देऊन झालं, आणि बॅटरीला पैसे उरले नाहीत. दुकानदाराची नजर माझ्यावर गेली.

"ही कसली भंगार लावलीय? पेपरवेट म्हणून बरी आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "असं करा मॅडम, ही मला द्या आणि बॅटरी घेऊन जा. माझ्या काय कामाची? पण तुमच्यासाठी."

भंगार म्हणाला, आणि बोट मात्र माझ्या कडेवरून दोनदा फिरवलं. मला माणसं कळतात, मित्रांनो. तो सौदा फायद्याचा होता, त्याच्या फायद्याचा.

"चालेल," ताई म्हणाली.

ठिणगीने मला हिसकावून खिशात घातलं. "आज नाही."

"राहू द्या," दुकानदार हसला. "बॅटरी आजच न्या, ही झूम परत कराल तेव्हा आणा. शब्द पुरे." ताईने शब्द दिला. ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. घरी जाताना बहिणी रस्त्याच्या दोन कडांनी चालल्या.

भट्टी विझायच्या दिवशी ताईने मला कडीसकट रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. संध्याकाळी मला दुकानात सोडायचं होतं. म्हणजे माझी पाठवणीच निघाली होती, तीही एका बॅटरीच्या बदल्यात.

पर्सची चेन अर्धी उघडी होती, रुमालही जरा सरकला होता, त्या फटीतून मी कारखाना पाहिला. पत्र्याची मोठी शेड, काजळीने काळ्या झालेल्या खिडक्या, आणि मधोमध ती. पांढरी, धगधगती, घूंऽऽ करत उभी. मी तर तिच्याच कुळातली. माहेर पाहावं आणि तेही त्याच्या शेवटच्या दिवशी, असं नशीब. झूमबाई कॅमेऱ्यावर मिरवत होती, आणि खरं सांगते, काम बरं करत होती. उजेड भरपूर होता ना! भरल्या उजेडात सगळ्यांनाच दिसतं.

दुपारी मॅनेजर आला, त्याने हात वर केला, आणि कोणीतरी इंधन बंद केलं. घरघर थांबली. जन्मभर त्या आवाजावर आवाज चढवून बोललेली माणसं त्या शांततेतही ओरडूनच बोलत होती. भट्टीचं तोंड पांढऱ्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं नारिंगी. शेड अंधारायला लागली. वीज सकाळीच तोडली होती.

आणि बाबांनी फुंकणी उचलली.

"अहो, संपलं आता," मॅनेजर म्हणाला. "भट्टी बंद झाली."

"भट्टी तुम्ही बंद केलीत. काच अजून वाहतेय," बाबा म्हणाले. "ती थांबली की मी थांबतो."

"साहेबांना काय सांगू?"

"सांगा, म्हातारा ऐकत नाही."

त्यांनी फुंकणी आत घातली आणि गोल फिरवत शेवटचा गोळा उचलला. इकडे ठिणगी किंचाळली, "ताई, काही दिसत नाहीये! नुसते दाणे दाणे येतायत!" झूमबाईचं तोंड लहान. तेवढ्या उजेडात तिला मुंगी आणि माणूस सारखेच. ज्याच्यासाठी बांगडी मोडली, भांडणं केली, तेच समोर घडत होतं आणि पडद्यावर काळं फडकं दिसत होतं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग रुमाल ओढून काढला आणि मला पुढे केलं. "घे. लाव. लवकर!"

झूम उतरली, मी चढले. ठिणगीने माझी पाती पूर्ण उघडली, आणि मला दिसलं. सगळं दिसलं! गोळ्याच्या लालीत बाबांचे फुगलेले गाल, कपाळावरची काजळी, जळकी बाही, मागे उभ्या असलेल्या सोबत्यांचे ओले डोळे. पण पाती पूर्ण उघडली की माझी नजर अगदी नेमक्या अंतरावरच ठरते. माणूस वीतभर पुढेमागे झाला की पुसट. कॅमेरा ठिणगीच्या खांद्यावर होता, म्हणून माझं नजर जुळवायचं कडं फिरवायला ताई तिच्या शेजारी वाकली. जन्मभर चेहरेच पाहिलेली बाई ती. बाबा जसे हलत तशी तिची बोटं हलत होती. डिट्टो आईची बोटं! आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "हनुवटी जरा खाली, बाबा."

बाबांनी हनुवटी खाली केली आणि श्वास सोडला. तो सगळा श्वास त्या काचेत गेला.

एक पेला झाला. साधा, पाणी प्यायचा. बाबांनी तो वाळूवर ठेवला.

"टिकेल?" ठिणगीने विचारलं.

"छे. निववायची भट्टीही बंद आहे. घरी पोचेपर्यंत तडकेल."

"मग कशाला केलात?"

"कोण आधी थांबलं ते भट्टीला कळू दे," बाबा म्हणाले.

भट्टीचं तोंड आता नुसतं काळपट लाल उरलं होतं. कामगार एकमेकांचा खांदा धरून चालत होते, एवढा काळोख. बाबा तिच्यासमोर पाय फाकवून, हात मागे बांधून उभे राहिले. मागे न वळता त्यांनी विचारलं, "दिसतंय का गं अजून?"

दोघी एकदम म्हणाल्या, "दिसतंय, बाबा."

पेला वाटेतच तडकला. रुमालात बांधला होता, माझ्याच. पुढे भट्टीही आतून तडकली, शेडमध्ये आता गोदामाची खोकी आहेत.

त्याच संध्याकाळी ताईने दुकानात झूम परत केली. दुकानदाराने हात पुढे केला. "आणि ती?"

"ती मिळणार नाही. बॅटरीचे पैसे महिन्याभरात आणून देते."

"मॅडम, शब्द दिला होतात!"

"दिला होता. आज मोडला," ताई म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदाच मोडतेय, तुमच्यापासून सुरुवात."

"ओरखडा पडलेल्या भंगारासाठी?"

"भंगार आहे तर तुम्हाला कशाला हवी?" ठिणगी म्हणाली. यावर त्याने कपाटाची काच पुसायला घेतली.

तर मित्रांनो, आता मी खणात नसते. त्या काळ्या ठोकळ्यावर असते. तो मेंदू, मी डोळा. भांडत भांडत संसार चाललाय आमचा. मला जपा असं मी म्हणणार नाही. जपून ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते. मला वापरा. धुरात न्या, धुळीत न्या, आणखी दोन ओरखडे पडू द्या. आणि तुमच्याही घरात कुठल्या खणात, कुठल्या खुर्चीत कोणी जुनं पडून असेल, तर बजेटातून त्याचं नाव खोडण्याआधी दिवे घालवून एकदा त्याला विचारा, दिसतंय का अजून?

मला विचाराल, तर मला दिसतंय.